घरी वाचायला शिकवताना: मुंबईतल्या आई-बाबांचे नेहमीचे प्रश्न

मी मुलुंडला बालवाडीच्या वर्गावर असते. शाळा सुटताना फाटकापाशी, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, कधी भाजीवाल्याकडेसुद्धा पालक गाठतात आणि प्रश्न साधारण तेच असतात. ते इथे एका जागी घेतलेत. उत्तरं तीन ते आठ वर्षांच्या मुलांना धरून आहेत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

कितव्या वर्षापासून वाचायला शिकवावं?

गोष्टी ऐकवायला अगदी तान्हेपणापासून, अक्षरं दाखवायला चौथ्या-पाचव्या वर्षी, आणि मुलानं आपलं आपण वाचावं ही अपेक्षा सहा-सात वर्षांनंतर. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ ही सगळी वर्षं मिळून एकच पायाभूत टप्पा मानला आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट काय, तर तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं. तिसरी म्हटलंय, सीनियर केजी नव्हे.

तरी आपल्याकडे सीनियर केजीतच रडारड सुरू होते, कारण समोरच्या विंगमधली कोणाची तरी मुलगी घडाघडा वाचते. तिला वाचू द्या. तुमचं मूल दिवसभर बडबडत असेल, गोष्ट ऐकताना मध्येच 'मग काय झालं?' विचारत असेल, तर ते रुळावर आहे. आणि पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची चाचणी घेणं शिक्षण हक्क कायद्यानं मना आहे, तेव्हा इंटरव्ह्यूच्या धसक्यानं पाटी-पेन्सिल काढू नका.

सुरुवात अक्षरांपासूनच ना?

नाही, कानापासून. शब्द तुटतो, त्याचे तुकडे पडतात, ते तुकडे पुन्हा जोडता येतात, हे आधी कानाला कळावं लागतं. त्याला कागद लागत नाही. 'बटाटा' म्हणताना तीन टाळ्या वाजवा, 'चटणी'ला तीन, 'भात' म्हणताना किती ते मुलाला ठरवू द्या. बडबडगीतं म्हणा, यमक मुद्दाम चुकवा आणि मुलाला पकडू द्या. 'म'ची वस्तू शोध, असा खेळ स्वयंपाकघरात पाच मिनिटं चालतो: मीठ, मिरची, मसाला.

लोकलमध्ये स्टेशनांच्या भेंड्या लावा. आमच्या वर्गातल्या एकानं आजीवर 'दादर' टाकलं, आजीनं 'रबाळे' म्हटलं, आणि 'ळ'वर गाडी अडकली ती अडकलीच. ठाणं येईपर्यंत त्याला शब्द सापडेना. मग आजीनंच सांगितलं की 'ळ'नं आपल्या भाषेत शब्द सुरूच होत नाही. हे त्याला आता जन्मभर लक्षात राहणार, आणि पुस्तक उघडलंही नव्हतं.

'क' ते 'ज्ञ' आधी पाठ करून घ्यायचं का?

म्हणायला हरकत नाही, जीभ वळते. पण पाठ असणं म्हणजे ओळखणं नव्हे. अशी मुलं मी दर वर्षी बघते: 'त'वर बोट ठेवलं की मनातल्या मनात 'क'पासून चालायला लागतात, ओठ हलतात, आणि त, थ, द करत पुढेच निघून जातात.

त्यापेक्षा चार-सहा अक्षरांचा गट घ्या, ज्यातून लगेच शब्द होतील असा. म, क, ब, न, र, स ही सहा अक्षरं आणि सोबत फक्त काना. एवढ्या भांडवलावर काका, मामा, बाबा, मका, नाक, कान, बस, रस, मान, राम एवढं सगळं वाचता येतं. 'काका कान बस' असं काहीबाही वाक्य लिहून दिलं तरी पोरं खिदळत वाचतात. पहिल्याच आठवड्यात मुलाला कळतं की ही चिन्हं काहीतरी सांगतात. तेवढं कळलं की पुढचा गट तेच मागतं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी अक्षरं लिहायला उत्तम, जाड असतात आणि घरात ढिगानं पडलेल्या असतात.

एक सावधगिरी. घ-ध, म-भ, ब-व, प-ष, य-थ, ट-ठ-ढ या सारख्या दिसणाऱ्या अक्षरांना एकाच गटात घेऊ नका. एक पक्कं बसलं की दुसरं आणा.

आणि बाराखडी?

चौतीस व्यंजनं गुणिले बारा, म्हणजे चारशेच्या वर रूपं झाली. ती एकेक करून पाठ करायला लावणं म्हणजे शिक्षाच. खरं तर शिकायची आहेत फक्त मोजकी चिन्हं, आणि प्रत्येक चिन्ह अक्षराचं काय करतं एवढंच. काना शिकवला की ओळखीच्या सगळ्या अक्षरांना काना लावून बघायचा. मग पुढचं चिन्ह.

क्रम माझा असा: काना, मग दीर्घ वेलांटी, मग मात्रा, काना-मात्रा, उकार, आणि ऱ्हस्व वेलांटी बरीच नंतर. कारण साधं आहे. दीर्घ वेलांटी अक्षराच्या मागून येते, जशी बोलताना येते. ऱ्हस्व वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. डावीकडून प्रामाणिकपणे वाचणारं मूल 'किती'पाशी येऊन थबकतं, कारण त्याच्या डोळ्याला आधी वेलांटी दिसते आणि मग 'क'. ते चुकत नाही, लिपीच तशी आहे, हे त्याला सांगून टाका. 'ही दांडी पुढच्याचा हात धरून उभी आहे' असं मी सांगते, आणि चालतं.

ऱ्हस्व-दीर्घावरून या वयात डोकं खाऊ नका. विसर्गाची तर गाठही पडत नाही इतक्यात.

जोडाक्षरं आली की सगळं ठप्प होतं. काय करावं?

मुलं जी जोडाक्षरं रोज बोलतात तीच आधी दाखवा: चप्पल, पुस्तक, बिस्कीट, रिक्षा, मस्त. तोंडात शब्द तयार असतो, डोळ्यानं फक्त गाठ घालायची असते. अर्धं अक्षर वेगळ्या रंगानं लिहून दाखवलं की दोनचार दिवसांत उलगडतं.

खरी अडचण 'र'ची. 'र' कधी डोक्यावर बसतो (सूर्य), कधी पायाशी तिरपा (चक्र), कधी खाली टोपीसारखा (ट्रक), आणि कधी स्वतःचं वेगळंच रूप घेऊन येतो (दऱ्या). चारही एका दिवशी फळ्यावर मांडू नका. दर रूपाला एक आठवडा द्या. रफार असलेला शब्द वाचताना 'र' त्या अक्षराच्या आधी म्हणायचा, हे मोठ्यांनाही सांगून पाहा, बऱ्याच जणांनी आयुष्यात कधी विचार केलेला नसतो.

बाहेर जाता-येता काही वाचून घेता येतं का?

मुंबईइतकं फुकटचं वाचन कुठल्या शहरात मिळणार! पण मुलाला 'हे काय लिहिलंय सांग बरं' असं भर गर्दीत विचारू नका, तो परीक्षेचा सूर झाला. तुम्हीच वाचा, बोटानं दाखवा, पुढच्या वेळी ते आपणहून सांगेल.

स्टेशनच्या पाट्यांची मी एक शिडी केली आहे. पहिली पायरी परळ: काना नाही, मात्रा नाही, नुसती तीन अक्षरं. मग दादर, खार, वडाळा, मालाड, कळवा, कसारा, यांत फक्त काना. पुढे वाशी, पनवेल, ठाणे. मग उकार आणि अनुस्वार: मुलुंड, भांडुप, डोंबिवली, अंधेरी. रफारासाठी कुर्ला, कर्जत, चर्नी रोड. पायातला 'र' हवा तर विक्रोळी, मुंब्रा, वांद्रे. ग्रँट रोड सगळ्यात शेवटी, तिथे एका अक्षरावर नुसती गर्दी आहे. मुलाला कोणती पायरी आली ते रोजच्या प्रवासात कळत जातं.

पाटीवर मराठी आणि हिंदी दोन्ही नावं देवनागरीत असतात. बहुतेक ठिकाणी ती सारखीच, म्हणजे एकच शब्द दोनदा वाचायला मिळतो. जिथे वेगळी आहेत तिथे मजा येते: वांद्रे आणि बांद्रा, शीव आणि सायन. वाचता यायला लागलेलं मूल हे हमखास पकडतं आणि 'दोन स्टेशनं आहेत का?' म्हणून विचारतं. विचारलं, म्हणजे ते खरोखर वाचतंय, सवयीनं ओळखत नाहीये.

दुकानांच्या पाट्यांचंही तसंच. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुदत घालून दिल्यावर मराठी नावं चांगली ठळक झाली आहेत. 'मेडिकल', 'जनरल स्टोअर्स', 'मोबाइल' हे शब्द मुलाच्या बोलण्यातले आहेत, देवनागरीत वाचायला सोपे. बेस्टच्या बसवरचे मराठी आकडे तर बसची वाट बघतानाचा उत्तम उद्योग.

मूल इंग्रजी माध्यमात आहे. आधी इंग्रजी पक्कं करू का मराठी?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारताना आवाज थोडा खाली गेलेला असतो.

घरात जी भाषा वाहते तिच्यात वाचन सोपं जातं. कारण वाचणं म्हणजे अक्षरं जोडून निघालेला आवाज आपल्या ओळखीच्या शब्दाशी जुळवणं. 'मांजर' हा शब्द मुलाच्या डोक्यात चार वर्षांपासून आहे. 'मां-ज-र' जोडलं की लगेच खटका पडतो: अरे, मांजर! जो इंग्रजी शब्द कधी ऐकलाच नाही, तो बरोबर जोडला तरी खटका पडत नाही, नुसता आवाज उरतो. म्हणून घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला मराठी वाचन लवकर हाती लागतं. त्यातून आलेली समज, म्हणजे चिन्हाला आवाज असतो, आवाज जोडायचे असतात, जोडल्यावर अर्थ निघायला हवा, ही इंग्रजीलाही उपयोगी पडते. दोन भाषांत मूल गोंधळेल ही भीती काढून टाका. फक्त एका बैठकीत दोन्हींचे धडे नकोत.

आणि मराठी तसंही टळत नाही. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या माध्यमांच्या आणि सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे. पाचवीत रडत शिकण्यापेक्षा पाचव्या वर्षी हसत सुरू झालेलं बरं.

आता इंग्रजीकडे. मराठीत अक्षराचं नाव आणि आवाज एकच: 'क'ला 'क'च म्हणतात. इंग्रजीत तसं नाही. 'सी, ए, टी' कितीही भरभर म्हटलं तरी त्यातून 'कॅट' निघत नाही. म्हणून शाळेत फोनिक्स शिकवतात, नावाऐवजी आवाज. इथे मराठी घरात एक गफलत होते. आपल्या 'ट'च्या पोटात 'अ' असतो, इंग्रजी आवाजात तो नसतो. आई 'क-अॅ-ट' असं शिकवते आणि मूल 'कअॅटअ' म्हणतं. आवाज अर्धा म्हणा, पाय मोडून: क्, अॅ, ट्. गाडी लगेच सुरू होते.

आणखी एक. इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरीत उच्चार लिहून देऊ नका. मूल तेवढंच वाचतं, खालचं इंग्रजी बघतसुद्धा नाही. हुशार असतात, सोपा रस्ता लगेच सापडतो.

आम्हालाच इंग्रजी नीट येत नाही. मग?

मग मराठीत वाचून दाखवा, आणि इंग्रजी शाळेवर सोडा. शाळेतली इंग्रजी गोष्ट मुलाला तुम्हाला मराठीत सांगायला लावा. ती सांगता आली, म्हणजे समजली. चुकीच्या उच्चाराची लाज बाळगून अजिबात न वाचणारं घर मुलाला काहीच देत नाही.

आजी सांभाळते, तिला वाचता येत नाही.

आजीच्या गोष्टी, ओव्या, गावाकडच्या हकीकती हे वाचनाचं अर्धं काम आहे, कारण शब्द तिथूनच येतात. शब्द नसलेली नुसत्या चित्रांची पुस्तकं मिळतात, ती दोघं मिळून 'वाचू' शकतात. मूल थोडं वाचायला लागलं की त्यानंच आजीला औषधाच्या डबीवरचं किंवा कॅलेंडरवरचं वाचून दाखवायचं. आजी चूक काढत नाही, यापेक्षा चांगला श्रोता कुठला?

घरी पोहोचायलाच आठ वाजतात. वेळ कुठून आणू?

रोज दहा मिनिटं पुरतात. रविवारचे दोन तास पुरत नाहीत. वेळ घड्याळाला न बांधता कामाला बांधा: अंथरुणं घातली की पुस्तक. एकाच खोलीत टीव्ही, स्वयंपाक आणि आजोबांचा फोन चालू असेल तर त्या दहा मिनिटांपुरता फक्त टीव्ही बंद ठेवा, बाकीचं चालेल.

मुलुंड-फोर्ट करणाऱ्या एका बाबांनी काढलेला तोडगा मला फार आवडला. ते दुपारच्या सुट्टीत पुस्तकाचं एक पान वाचून व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवतात, पान उलटायची वेळ आली की टेबलावर टकटक करतात. मुलगी घरी पुस्तक उघडून ऐकते आणि टकटक ऐकली की पान उलटते. रात्री तेच पान ती त्यांना वाचून दाखवते, टकटकीसकट.

मोठ्यानं वाचून दाखवायचं म्हणजे नेमकं कसं?

मांडीवर किंवा शेजारी घ्या, म्हणजे दोघांना पान एकाच बाजूनं दिसेल. समोरासमोर बसू नका, तो क्लास होतो. आवाज बदला, वाघाचा जाड, उंदराचा बारीक, शेजारी काय म्हणतील याचा विचार न करता. शब्दांखालून अधूनमधून बोट सरकवा, पण ओळ न ओळ नको. गोष्ट रंगात आली की थांबा आणि विचारा, 'आता हा काय करेल रे?' मूल काहीही सांगो, 'बघू या हं' म्हणून पान उलटा. नवा शब्द आला तर अर्थ चालता-चालता सांगा, थांबून व्याख्या नको.

तेच पुस्तक सलग वीस रात्री मागितलं तर वीस रात्री वाचा. मोठ्यांना कंटाळा येतो हे खरं आहे. पण विसाव्या रात्री मूल तुमच्या आधी ओळ म्हणतं, आणि मग एका दिवशी त्या म्हटलेल्या ओळीवर बोट फिरवतं.

आणि गोष्ट संपल्यावर 'तात्पर्य काय?' हे विचारायचं नाही. कळकळीची विनंती आहे.

पुस्तक पाठ झालंय, ते वाचल्याचं नाटक करतो. हे वाचन धरायचं का?

धरा. पायरी आहे ती. त्याच पुस्तकातला एखादा शब्द वेगळ्या कागदावर लिहून फ्रिजवर लावा आणि काही न बोलता निघून जा. ओळखला तर तो स्वतःच ओरडत येईल.

चित्र बघून अंदाजानं वाचते. सवय मोडायची कशी?

'क... म... ळ... फूल!' हे प्रत्येक वर्गात होतं. अर्थाकडे धाव आहे, म्हणजे अर्धं जमलंय, रागवायचं कारण नाही. 'फूलच आहे ते, पण इथे त्याचं नाव लिहिलंय, बघू' असं म्हणून चित्रावर हात ठेवा आणि शब्द पुन्हा जोडायला लावा. अंदाज करायला शिकवू नका, 'चित्र बघ ना, काय असेल?' असं तर अजिबात नको. अंदाज पहिलीत चालतो. तिसरीत चित्रं कमी होतात आणि अंदाज करणारी मुलं उघडी पडतात.

चुकली की लगेच सुधारू का?

आधी मनात तीनपर्यंत मोजा. पुष्कळदा मूल ओळीच्या शेवटी स्वतःच मागे येतं. नाही आलं तर अवघड अक्षर तुम्ही म्हणा, शब्द त्याला पुरा करू द्या. 'अगं, परवा तर येत होतं तुला!' हे वाक्य मात्र गिळा. परवा येत होतं, आज येत नाही, उद्या येईल, या वयात असंच चालतं.

'च' आणि 'ज' दोन तऱ्हांनी उच्चारले जातात: चमचा-चिमणी, जाळं-जिराफ. मूल जाळ्यातला 'ज' जिराफासारखा वाचत असेल तर ती चूक धरू नका. ओळखीचा शब्द आहे, कानच दुरुस्त करेल.

फोनवरचा 'ल' आणि पुस्तकातला 'ल' वेगळा दिसतो. कोणता शिकवू?

शाळेच्या पुस्तकात असेल तो, म्हणजे पाकळ्यांचा 'ल' आणि देठाचा 'श'. फोनवर दांड्याचा 'ल' आणि गाठीचा 'श' दिसतात, ते हिंदी वळणाचे टाइप असतात. मुलाला दोन्ही दाखवून 'हा तोच, कपडे वेगळे' म्हणून पुढे जा.

पुस्तकं कुठून आणायची? महाग असतात.

सगळीच नसतात. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका मराठीत आहे आणि खिशाला परवडते. ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं छान असतात. चेन्नईच्या तुलिकाची काही पुस्तकं एकाच पानावर मराठी आणि इंग्रजी अशी आहेत, इंग्रजी माध्यमाच्या मुलांना सोयीची. दादर पश्चिमेला छबिलदास गल्लीत एक चक्कर मारा, पण मुलाला सोबत न्या आणि निवडू द्या.

फुकटात हवं असेल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे, २०१५ पासून. पातळीप्रमाणे लावलेल्या मराठी गोष्टी तिथे वाचता येतात, उतरवून छापताही येतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर पहिली-दुसरीची पाठ्यपुस्तकं मिळतात. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन आहेत. ते मोठ्या मुलांसाठी, पण आईबाबांनी वाचून दाखवायला उत्तम. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं आहे, शहरात शाखा आहेत, जवळच्या शाखेत मुलांच्या वर्गणीची चौकशी करा. आणि रद्दीवाला! त्याच्याकडे किलोवर मिळणारी बालपुस्तकं बघितली की पाय निघत नाही.

मोबाइलवरच्या अॅपनं शिकेल का?

अक्षरं ओळखायला थोडा उपयोग होतो, पुढे फारसा नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोर दिवसाला एक तासाच्या आतच, कमी तितकं चांगलं, असं सांगितलं. फोनवर गोष्टीचं पान उघडून तुम्ही शेजारी बसून वाचलंत, तर ते मी पुस्तकच धरते. मुलाच्या हातात फोन देऊन तुम्ही उठलात, तर तो व्हिडिओ.

कुठपर्यंत आलंय हे घरच्या घरी कसं ओळखू?

प्रथम ही संस्था १९९५ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांत बालवाड्यांच्या कामातून उभी राहिली. तिच्या 'असर' पाहणीत २००५ पासून देशभरच्या गावांत मुलांना एका साध्या कागदावर वाचायला देतात: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल आरामात वाचेल ती शेवटची पायरी, ती त्याची पातळी. घरीही एवढंच पुरे, तीन-चार महिन्यांतून एकदा, आणि चाचणी आहे असं न सांगता. मग त्या पातळीचं पुस्तक द्या, इयत्तेचं नव्हे. पानावर पाच-सहा ठिकाणी अडत असेल तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं, त्याच्या हातात सोपं द्यायचं.

काळजी कधी करायची?

पहिलीत अक्षरं मिसळली, उलटी लिहिली, तर नको. दुसरी संपत आली, रोज सराव होतोय, तरी दोन अक्षरं जोडता येत नाहीत, काल शिकलेलं अक्षर आज नवंच वाटतं, बोलायलाही उशिरा लागलं होतं किंवा घरात कोणाला वाचनाचा असा त्रास होता, तर थांबू नका. 'आळशी आहे' हे निदान कोणी केलं तर ऐकू नका.

आधी डोळे आणि कान तपासा. शेवटच्या बाकावरून फळा न दिसणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. कानासाठी वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. त्यात काही निघालं नाही तर अध्ययन अक्षमतेची, म्हणजे वाचणं-लिहिणं शिकण्यातच येणाऱ्या अडचणीची, तपासणी शीवच्या लोकमान्य टिळक आणि मुंबई सेंट्रलच्या नायर या पालिकेच्या रुग्णालयांत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. प्रमाणपत्र साधारण आठव्या वर्षापासून मिळतं, मदत मात्र त्याआधीच सुरू करता येते आणि करावी. नंबर लागायला वेळ जातो, शाळेचं पत्र आणि वह्या सोबत ठेवा.

ट्यूशन लावू का?

सहा वर्षांच्या मुलाला वाचनासाठी? नको. शाळेत चार-पाच तास बसून आलेलं मूल पुन्हा तेच गिरवायला बसतं, आणि वाचन म्हणजे गृहपाठ हे डोक्यात पक्कं होतं. त्या पैशात वर्षभराची पुस्तकं येतील.

स्वतः वाचायला लागली, आता वाचून दाखवणं बंद करू?

इतक्यात नको. सात वर्षांच्या मुलाला ऐकून जे समजतं ते त्याला वाचून समजणाऱ्यापेक्षा बरंच पुढचं असतं. स्वतः ते 'बस आली' वाचतं, पण शिवाजी महाराजांची आग्र्याहून सुटका रात्रभर ऐकायला तयार असतं. नुसतं 'बस आली'वर ठेवलंत तर कंटाळेल. सोपं त्यानं वाचावं, अवघड तुम्ही, आणि एक पान त्याचं एक तुमचं असंही चालतं. पुढे कधीतरी तुम्ही फार हळू वाचता म्हणून ते पुस्तक तुमच्या हातातून ओढून घेईल. तेव्हा देऊन टाका.